टाळू आणि केसांनुसार घरगुती निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील बहुतेक प्रश्न नात्यातल्या आणि शेजारच्या लोकांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत. काही मी स्वतःलाच विचारले, कारण रत्नागिरीत मऊ आणि वळणदार असलेले माझे केस लग्नानंतर लातूरला गेल्यावर वर्षभरातच झाडूसारखे राठ झाले. तेल तेच होते, शाम्पू तोच होता आणि हातही तेच होते. बदलले होते ते फक्त पाणी आणि हवा. तेव्हापासून 'मला हे लागू पडले, तुम्हीही लावा' असा सल्ला देणे मी सोडून दिले आहे.

माझे केस मुळाशी तेलकट आणि टोकांना कोरडे आहेत. मग माझा प्रकार नेमका कोणता समजावा?

हा गोंधळ होतो, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. टाळू ही जिवंत त्वचा आहे. तिच्यात तैलग्रंथी आहेत, घाम आहे, सूक्ष्मजीव आहेत आणि ती सतत नवी होत असते. डोक्याबाहेर आलेला केस मात्र निर्जीव तंतू आहे. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि एकदा झिजला की स्वतःहून भरून येत नाही. म्हणून टाळूकडे त्वचा म्हणून पाहावे आणि केसाकडे कापड म्हणून. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो असे धरले, तर साठ सेंटीमीटर लांब शेपट्याचे टोक पाच दिवाळ्या जुने असते. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या स्त्रीने ते टोक पाचशेहून अधिक वेळा धुतलेले असते. मुळाशी असलेला केस मात्र गेल्याच महिन्यातला असतो, आणि ग्रंथींतून सुटणारे तेलही तिथेच साचते. तेव्हा आपली टाळू तेलकट आहे आणि केस कोरडे आहेत, आणि लांब केसांच्या बाबतीत ही अगदी सर्वसाधारण स्थिती आहे. धुण्याचा निर्णय टाळू पाहून घ्यावा आणि मऊपणासाठी जे काही लावायचे ते केसांची लांबी पाहून लावावे. खालची बहुतेक उत्तरे याच एका भेदावर उभी आहेत.

टाळूचा प्रकार घरच्या घरी कसा ओळखावा?

एके दिवशी साध्या शाम्पूने केस धुवावेत आणि त्यानंतर तेल, सीरम, कंडिशनर असे काहीही लावू नये. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पातळ टिश्यू कागद भांगावर आणि कानामागे थोडा दाबून धरावा. वड्याखालच्या कागदावर जसा पारदर्शक डाग उमटतो, तसा डाग चोवीस तासांतच दिसला, तर टाळू तेलकट आहे. दोन ते तीन दिवसांनी दिसला तर मध्यम समजावी. चार दिवसांनंतरही कागद कोरडाच राहिला आणि टाळू ताणल्यासारखी वाटू लागली, तर ती कोरडी आहे. ही तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा करावी, कारण मे महिन्यातला निकाल जानेवारीत लागू पडेलच असे नाही. वयानेही फरक पडतो. तैलग्रंथींचे काम मुख्यतः संप्रेरकांवर चालते, त्यामुळे किशोरवयात तेल वाढते आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये ते बऱ्यापैकी कमी होते. पंचविशीत ठरवलेला दिनक्रम पंचावन्नाव्या वर्षी जसाच्या तसा चालवणाऱ्यांची टाळू खाजते, ती बहुधा यामुळेच.

खाज आणि पापुद्रे असतील, तर मात्र 'कोरडी टाळू' असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्याविषयी कोंड्याच्या प्रश्नात लिहिले आहे.

आणि केसांचा प्रकार?

अमेरिकेतील केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी रूढ केलेली, सरळ केसांना एक आणि अतिकुरळ्यांना चार असे क्रमांक देणारी पद्धत हल्ली सर्वत्र दिसते. ती मुख्यतः केसांचे वळण सांगते, जाडीविषयी फारसे सांगत नाही. माझ्या मते घरगुती निगेसाठी जाडीच अधिक उपयोगी ठरते. गळलेला एक केस आणि शिवणकामाचा धागा शेजारी शेजारी ठेवावा आणि केस दोन बोटांमध्ये फिरवून पाहावा. तो बोटांना जेमतेम जाणवत असेल तर केस बारीक आहेत. तारेसारखा स्पष्ट लागत असेल तर जाड आहेत. बारीक केस तेलाने आणि जड कंडिशनरने लगेच चप्प बसतात, तर जाड केसांना तेवढेच तेल पुरतही नाही.

केस दाट आहेत की विरळ, हा पुन्हा निराळा प्रश्न आहे. बारीक केसही दाट असू शकतात. घनता भांगाच्या रुंदीवरून आणि शेपट्याच्या घेरावरून कळते. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून केस पाणी किती शोषतो ते ठरवण्याची चाचणी मात्र सोडून द्यावी. केसाला थोडे जरी तेल असले तरी तो तरंगतो, आणि स्वच्छ केसही पाण्याच्या पृष्ठताणामुळे वरच राहू शकतो. त्यापेक्षा न्हाल्यानंतर केस वाळायला किती वेळ लागतो आणि रंग किंवा उष्णतेची प्रक्रिया त्यांवर झाली आहे का, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे.

आठवड्यातून किती वेळा केस धुवावेत? रोज धुतल्याने टाळू आणखी तेल सोडू लागते, हे खरे आहे का?

खरे नाही. तैलग्रंथी शाम्पूचा हिशेब ठेवत नाहीत. धुतल्यावर तेल निघून जाते आणि ग्रंथी आपल्या ठरलेल्या वेगाने ते पुन्हा सोडत राहतात. स्वच्छ केसांवर ते पुन्हा जमताना आपल्या लक्षात येते, एवढेच. तेलकट टाळू असलेल्याने, विशेषतः रोज लोकलने किंवा हेल्मेट घालून प्रवास करणाऱ्याने, एक दिवसाआड किंवा अगदी रोज सौम्य शाम्पूने धुण्यास हरकत नाही. मध्यम टाळूला आठवड्यातून दोनदा धुणे पुरते. कोरडी टाळू, जाड किंवा कुरळे केस आणि उतारवय असेल, तर आठवड्यातून एकदा धुणेही पुरेसे ठरते. आपल्याकडे न्हाण्याचे वार ठरलेले असत आणि काही घरांत अजूनही असतात. त्या वारांमागची श्रद्धा ज्याची त्याने पाळावी. टाळूला मात्र वार कळत नाही.

धुण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. शाम्पू तळहातावर थोड्या पाण्यात मिसळून फक्त टाळूवर लावावा आणि नखांनी न खाजवता बोटांच्या पेरांनी चोळावा. लांब केस दोन्ही हातांत धरून धुणे पिळल्यासारखे घासू नयेत. वरून ओघळणारा फेस त्यांना पुरतो.

घरात सर्वांना एकच शाम्पू चालेल का?

चालतो, पण वापर वेगळा करावा लागतो. माझ्याच घरातील चौघांचे उदाहरण सांगते. सासूबाईंचे केस पांढरे, विरळ आणि टाळू कोरडी आहे. त्या आठवड्यातून एकदा न्हातात आणि आदल्या रात्री टाळूला खोबरेल तेल लावतात. यजमानांचे केस आखूड आहेत आणि डोके घामट आहे. ते रोज थोडासा शाम्पू लावतात आणि त्यांना दुसरे काहीच लागत नाही. मुलगी सोळा वर्षांची आहे, टाळू तेलकट आहे आणि केस कमरेपर्यंत बारीक आहेत. ती एक दिवसाआड फक्त टाळू धुते आणि शेवटच्या वीतभर लांबीलाच कंडिशनर लावते. माझे केस वळणदार आणि रंगवलेले आहेत; मी आठवड्यातून दोनदा धुते आणि धुण्याआधी तासभर टाळू सोडून केवळ लांबीला तेल लावते. बाटली एकच आहे. महिन्याच्या वाणसामानात चार निरनिराळे शाम्पू आणायचे कारण मला अजून सापडलेले नाही.

बाटलीच्या पुढच्या बाजूला काय छापले आहे, यापेक्षा मागे काय लिहिले आहे ते पाहावे. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पुढे फळाफुलांचे चित्र असले आणि मागे त्याचा अर्क यादीच्या अगदी तळाशी असला, तर आपण सुगंधाचे पैसे देत आहोत एवढे समजावे.

शिकेकाई आणि रिठ्याने धुणे शाम्पूपेक्षा चांगले का?

दोन्हींमध्ये सॅपोनिन नावाचे फेस करणारे नैसर्गिक घटक असतात, त्यामुळे ती खरोखर तेल आणि मळ काढतात. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि टाळूलाही साधारण ५.५ इतका सौम्य आम्लधर्मी पीएच (आम्लतेचे माप) मानवतो. अंगाला लावायचा साबण बहुधा ९ ते १० पीएचचा, म्हणजे अल्कधर्मी असतो. त्याने केसाच्या पृष्ठभागावरचे खवले उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकतात. आपल्या आज्यांनी वडीच्या साबणापेक्षा शिकेकाईला पसंती दिली, यात तथ्य होते. आजच्या सौम्य शाम्पूशी तुलना केली, तर मात्र शिकेकाई श्रेष्ठच असे म्हणता येत नाही. बाजारातील पूड जाडसर असेल, तर ती कुरळ्या केसांत अडकून राहते आणि कोरड्या टाळूला खरखरते. म्हणून पूड थेट न लावता शेंगा, थोडा रिठा आणि असल्यास नागरमोथा रात्री भिजवून सकाळी उकळावीत आणि फडक्यातून गाळलेले पाणीच वापरावे. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. लहान मुलांसाठी तो टाळलेला बरा.

तेल लावावे की लावू नये? दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगणारे लोक भेटतात.

कुठे आणि कशासाठी लावायचे, हे ठरवले की वाद उरत नाही. केसासाठी खोबरेल तेलाचा उपयोग प्रयोगांतून दिसलेला आहे. ते मुख्यतः लॉरिक आम्लाचे बनलेले असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि केसातील प्रथिनांची झीज फक्त खोबरेल तेलाने कमी झाल्याचे त्यात आढळले. हा अभ्यास केशतेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केलेला होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरी त्यामागची रसायनशास्त्रीय मांडणी पटण्यासारखी आहे. केस पाण्यात जाडीने साधारण पंधरा टक्के फुगतो आणि वाळताना पुन्हा आक्रसतो. दर धुण्याला होणारी ही ओढाताण आत शिरलेल्या तेलामुळे कमी होते. म्हणूनच तेल धुतल्यानंतर लावण्यापेक्षा धुण्याआधी लावणे अधिक उपयोगाचे.

टाळूचा हिशेब निराळा आहे. कोरड्या, निरोगी टाळूला हलक्या हाताने लावलेले तेल सुखावते. तेलकट किंवा कोंडा असलेल्या टाळूवर मात्र आधीच तेल असते, त्यात आपण भर घालतो. तेलाने नवे केस उगवतात, असे मी कोणालाही सांगणार नाही. मालिशने बरे वाटते आणि झोपही लागते. तेवढे कारण मालिश करायला पुरेसे आहे.

प्रमाणाबद्दल बोलायचे, तर बारीक केसांच्या कमरेपर्यंतच्या शेपट्याला चहाचा एक चमचा तेल पुरते आणि जाड, कुरळ्या केसांना त्याच्या दुप्पट लागते. एरंडेल फार चिकट असते. ते लावून केस धुताना सगळे केस गुंतून एकच घट्ट गोळा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. लावायचेच असेल, तर चार भाग खोबरेल तेलात एक भाग एरंडेल मिसळावे.

कोंडा झाला म्हणजे टाळू कोरडी पडली, असे समजून मी तेल वाढवले. पण कोंडा वाढला. असे का झाले?

कारण कोंडा हा बहुधा कोरडेपणाचा नव्हे, तर तेलकटपणाचा सोबती आहे. मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि ती टाळूच्या तेलावर जगते. तेलातील काही स्निग्धाम्ले ती खाते आणि ओलेइक आम्लासारखी काही मागे ठेवते. ज्यांच्या त्वचेला ही उरलेली आम्ले सोसत नाहीत, त्यांची टाळू चुरचुरते, पेशी घाईघाईने सुटू लागतात आणि पापुद्रे दिसतात. त्यावर तेल ओतले की पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटतात आणि दोन दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो. बुरशीला मात्र पंगत मिळालेली असते.

खूण साधी आहे. कोरड्या टाळूची पूड बारीक आणि कोरडी असते, थंडीत वाढते आणि धुण्याचे अंतर वाढवून, सौम्य शाम्पू वापरून कमी होते. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर आणि मेणचट असतात. ते भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही दिसू शकतात, आणि धुण्याचे अंतर वाढवल्यास बळावतात. अशा वेळी केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, साधारण महिनाभर वापरावा. बहुतेकांची चूक एकच होते: तो लावल्याबरोबर धुऊन टाकतात. तीन ते पाच मिनिटे तो टाळूवर राहिला पाहिजे. तोवर अंगाला साबण लावून घ्यावा. कोंडा आटोक्यात आल्यावर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा तोच शाम्पू चालू ठेवावा, कारण बुरशी कायमची जात नाही. लिंबाचा रस नुसता चोळू नये. तो चुरचुरणाऱ्या त्वचेला आणखी भाजतो, आणि उन्हात गेल्यास कपाळावर काळे डागही पडू शकतात.

पापुद्रे जाड आणि चंदेरी असतील आणि केसांची हद्द ओलांडून कपाळावर येत असतील, तर तो सोरायसिस असू शकतो आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

बोअरच्या पाण्याने केस खराब होतात का? काय करता येईल?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो माझा स्वतःचा प्रश्न होता. लातूरच्या घरी पहिल्या आठवड्यात तुरीची डाळ चार शिट्या होऊनही बोटचेपी झाली नाही. साबणाला फेस येईना आणि न्हाणीघरातल्या स्टीलच्या बादलीच्या आत पांढरट कडे धरले, जे नखाने खरवडूनही निघत नव्हते. तोच थर माझ्या केसांवरही बसत होता. तो दिसत नव्हता, एवढेच. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले की त्याला आपण जड पाणी म्हणतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाच ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या धरणांचे मऊ पाणी मिळते. पठारावरच्या खोल बोअरचे आणि टँकरचे पाणी अनेकदा बरेच जड असते. त्यामुळे मुंबईहून गावी गेलेल्या माणसाला केस 'हवेने' राठ झाल्यासारखे वाटतात.

उपाय असे आहेत. साबण पूर्ण बंद करावा, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट साका होऊन तो केसांवर बसतो. शाम्पूचा तसा होत नाही. सगळी आंघोळ मऊ पाण्याने करणे शक्य नसले, तरी केसांवरचे शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घ्यावेत. पाणी उकळून थंड केल्यास काही क्षार तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी यासाठी पुरते. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्याच्या पागोळीचे पाणी सर्वांत उत्तम. मात्र पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्याव्यात. दोन आठवड्यांतून एकदा, ईडीटीएसारखे क्षार धरून ठेवणारे घटक असलेला शाम्पू वापरावा. किंवा लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर मिसळून ते केसांच्या लांबीवरून ओतावे आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवावे.

एक इशारा देते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत बादलीत साठवतात. ते फरशी पुसायला वापरावे, पण डोक्यावरून घेऊ नये; त्यात मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षार असतात. मी सहा महिने तेच करत होते.

कंडिशनर कोणाला लागतो?

खांद्याखाली केस असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला लागतो. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधील घटकांवर धन भार. म्हणून ते जिथे झीज अधिक तिथे अधिक चिकटतात. तेलकट टाळू असलेल्यांनी तो कानाच्या रेषेखालीच लावावा. कंडिशनरमध्ये गुळगुळीतपणासाठी घालतात ते सिलिकॉन विषारी असल्याची समजूत निराधार आहे. बारीक केसांवर त्याचा थर साचून केस जड होतात, इतकीच त्याच्याविरुद्धची तक्रार आहे.

कुरळ्या केसांसाठी वेगळे काय करावे?

कुरळा केस वळणावळणाने वाढतो, त्यामुळे टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचतच नाही, आणि प्रत्येक वळणावर केस तुटण्याची शक्यता असते. तो वाळल्यावर विंचरला की वळणे मोडतात आणि झिंज्या होतात. म्हणून न्हातानाच, कंडिशनर केसांत असताना, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत कंगव्याला हात लावू नये. सरळ केसांचे नेमके उलट आहे: ओला सरळ केस ताणला जाऊन तुटतो, त्यामुळे तो अर्धवट वाळल्यावर विंचरावा. खरखरीत टर्किश टॉवेलपेक्षा जुना, मऊ झालेला पंचा दोघांनाही उत्तम. केस पंच्याने झटकू नयेत. पंचा नुसता दाबून पाणी टिपून घ्यावे. 'केस नीट विंचरलेले दिसत नाहीत' म्हणून कुरळ्या केसांच्या मुलींना शाळेत घट्ट दोन वेण्या घालायला लावतात, याचा मला राग येतो. सततच्या ओढीने कपाळालगतचे केस कायमचे जाऊ शकतात.

कोकणात पावसाळ्यात केस वाळतच नाहीत. ओल्या केसांचा बुचडा बांधला तर चालतो का?

शक्यतो बांधू नये. ओल्या, तेल लावलेल्या आणि बांधून ठेवलेल्या केसांत दमट हवेमुळे बुरशी वाढते. टाळूला कुबट वास येतो आणि कधी केसांवर पांढऱ्या, मऊ गाठी येतात, ज्या लिखांसारख्या दिसतात. पावसाळ्यात सकाळी न्हाण्यापेक्षा संध्याकाळी लवकर न्हावे आणि पंख्याखाली टाळू वाळवावी. ड्रायर वापरण्यास हरकत नाही. तो साधारण १५ सेंटीमीटर दूर धरावा, मध्यम उष्णतेवर ठेवावा आणि सतत हलवत राहावा. टाळू वाळली की लांबी दमट राहिली तरी चालते. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री मात्र कधीही फिरवू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे तयार होतात.

मेंदी निरुपद्रवी आणि कलप घातक, असे समजावे का?

शुद्ध मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिनला बांधले जाते आणि ते बहुतेकांना सोसते. कोरड्या केसांना मात्र ती आणखी राठ करते, म्हणून आदल्या दिवशी लांबीला तेल लावावे. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना मेंदी लावू नये. त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. 'काळी मेंदी' म्हणून पुडीत मिळते ती बहुधा मेंदी नसतेच. तिचा काळेपणा पीपीडी या कलपातील रसायनाचा असतो. त्याची ॲलर्जी असल्यास डोळे सुजून मिटण्याइतका त्रास होतो. कोणताही कलप लावण्याआधी थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी, आणि दहा वर्षे तोच वापरत असलो तरी ही तपासणी टाळू नये, कारण ॲलर्जी केव्हाही सुरू होऊ शकते.

दही, अंडे, मेथी, कांद्याचा रस यांचा उपयोग होतो का?

दही आणि भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीत लेप केसांवर तात्पुरता मऊपणा आणतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत, आणि गरम पाण्याने धुतल्यास डोक्यावरच त्याची भुर्जी होते. कांद्याच्या रसाने टाळू चुरचुरते. ही सामग्री पोटात गेली, तर केसांना अधिक लाभ होईल.

बाळाचे जावळ काढल्याने केस दाट येतात का? आणि टाळूवरची खपली?

जावळ हा संस्कार आहे. तो हौसेने करावा. केसांची मुळे जन्मतःच ठरलेली असतात आणि वस्तरा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून नवे केस जाड भासतात, आणि तान्हेपणीचे मऊ केस तसेही जाऊन पुढे वेगळे येणारच असतात. तान्ह्या बाळांच्या डोक्यावर येणारी पिवळसर खपली सहसा आपोआप जाते. टाळू भरण्याच्या प्रथेनुसार तेल लावत असाल, तर ते तासभराने सौम्य शाम्पूने धुऊन काढावे आणि मऊ ब्रशने सैल झालेली खपली अलगद काढावी. तेल तसेच ठेवल्याने खपलीचे थर वाढत जातात. नखाने ती उचकटू नये.

रोज किती केस गळणे स्वाभाविक आहे? डॉक्टरांकडे केव्हा जावे?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. चार दिवसांनी न्हाणाऱ्या स्त्रीच्या जाळीवर चार दिवसांचे केस एकदम दिसतात, त्याने घाबरून जाऊ नये. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, कारण त्या काळात बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. आजार विसरला गेलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूवर येतो. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

गळती त्याहून लांबली, तर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची भरपाई कोणत्याही तेलाच्या बाटलीतून होणार नाही. रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग रुंद होत चालला, टाळूवर पू, वेदना किंवा व्रण दिसला, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

नवीन दिनक्रम लागू पडतो आहे की नाही, हे किती दिवसांनी कळते?

टाळूचा तेलकटपणा आणि खाज यांतील फरक दोन ते चार आठवड्यांत कळतो. केसांच्या पोतातील फरक सहा-आठ धुण्यांनंतर जाणवतो. गळतीबद्दल तीन महिन्यांच्या आत काहीच निष्कर्ष काढू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; तेल, शाम्पू आणि धुण्याचे वार एकदम बदलले, तर गुण कशाचा आणि अपाय कशाचा ते उमगत नाही. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, न्हाण्याच्या दिवशी 'न्हा' लिहिते, तेल लावले असल्यास त्याखाली एक टिंब देते आणि शेवटचे तांबे निवळ पाण्याचे असतील तर फुली मारते. लातूरच्या दुसऱ्या वर्षी, मार्चच्या पानावर सलग पाच फुल्या झाल्या, तेव्हा कंगवा पहिल्यांदा मध्येच न अडकता टोकापर्यंत गेला.